पाणबुड्याचे काम

पाण्याखाली चालणारे जहाज म्हणजे पाणबुडी. पाण्याखाली काम करणारा माणूस म्हणजे पाणबुड्या.

मुंबईत फोर्टजवळ नौदलाची गोदी आहे. 14 ऑगस्ट 2013 ला मध्यरात्री तिथे ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाला. ती बुडाली. आत 18 जण होते. पाणबुडे खाली उतरले. गढूळ पाण्यात काही दिसेना. चाचपत चाचपत त्यांनी मृतदेह बाहेर काढले. 2014 मध्ये पाणबुडीही वर काढली.

खूप खोल गेले, की आणखी एक भय असते. पाण्याच्या दाबाने श्वासातली हवा रक्तात मुरते. सोड्याची बाटली उघडली, की बुडबुडे येतात ना? घाईने वर आले, तर रक्तातही तसेच होते. सांधे दुखतात, माणूस लुळा पडतो, प्रसंगी दगावतो. म्हणून पाणबुड्या थांबत थांबत वर येतो.

आपण लक्षात ठेवू : या कामात धाडस हवे, तसा धीरही हवा.