मॅट गिटारला चमकवू नका: सॅटिन फिनिशच्या निगेचा खरा खर्च

गिटार विकत घेताना विक्रेता हमखास एक संच पुढे सरकवतो: पॉलिशची बाटली, कापड, पट्टा, कॅपो. गिटार चकचकीत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण तुमची गिटार सॅटिन फिनिशची, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘मॅट’ किंवा ‘ओपन पोअर’ असेल, तर त्यातली बाटली तिथल्या तिथे परत करा. चार-पाचशे रुपये वाचतील आणि गिटारही वाचेल.

यामाहाची एफजी ८००एम, कॉर्टची एडी ८१० ओपन पोअर किंवा वरच्या किमतीतली मार्टिनची ०००-१५एम, या सगळ्या याच जातीच्या. सॅटिनचा लेप बहुधा चकचकीत गिटारपेक्षा पातळ असतो आणि त्याला शेवटची घासून चकाकी दिलेली नसते. पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका खडबडीत राहतो, प्रकाश त्यावरून विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. दुधी काचेवर तेलाचं बोट लागलं की तेवढी जागा आरपार दिसू लागते ना, तोच प्रकार इथे होतो. पॉलिशमधलं मेण त्यातल्या बारीक खाचांत भरतं, किंवा त्यातली घासणारी पूड उंचवटे झिजवते. भरलेलं मेण एक वेळ निघतं, झिजलेला लेप परत येत नाही. मग लाकडावर ढगासारखे तुकतुकीत डाग उरतात.

वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो तिथे, आणि मानेच्या मागे अंगठा फिरतो तिथे अशी चमक आपोआप येतेच. ती वापराची खूण आहे, मळ नव्हे. ती घालवायच्या नादाला लागू नये.

आता पुसण्याबद्दल. रोज वाजवून झालं की कोरड्या मायक्रोफायबरने तारा, मान आणि हात टेकतो तो भाग पुसायचा. जोर लावायचा नाही. असं कापड शंभर-दीडशे रुपयांना मिळतं. दोन घ्या, एक लाकडाला आणि एक तारांना, कारण तारांच्या कापडात धातूची काळी पूड अडकते आणि तीच लाकडावर घासली जाते. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको. जुना, मऊ झालेला सुती गंजीफ्रॉकही चालतो, फक्त शिवण आणि लेबल कापून टाका.

घामाचा थर कोरड्या कापडाने निघाला नाही तर त्या जागी तोंडाने वाफ सोडून पुसून पाहा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर कापडाचं टोक ओलं करून घट्ट पिळा, पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके मॅट लाकडावर उठून दिसतात, म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, लिटरला तीस-चाळीस रुपये. फारच तेलकट असेल तर वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब.

स्टिकरचा गोंद किंवा चिकट काळा थर पाण्याने हटत नाही. त्यासाठी कारागीर नॅप्था वापरतात. तो आपल्याकडे सिगारेट लायटरचं फ्लुइड म्हणून अडीचशे ते चारशे रुपयांना मिळतो. कापडावर दोन थेंब, आधी मागच्या बाजूला पट्ट्याच्या खुंटीजवळ चाचणी, मग हलक्या हाताने काम. खिडकी उघडी हवी. गॅस, उदबत्ती, निरांजन काही पेटलेलं नको. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर म्हणजे नॅप्था नव्हे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर आणि काच पुसायचा निळा स्प्रे यांपैकी काहीही लाकडाला लावू नका. डीट हे रसायन असलेली डास घालवायची क्रीम हाताला लावून गिटार मांडीवर घेतली तरी काही लेप मऊ पडतात. आधी हात धुवा.

तुमच्या गावात गिटारचा कारागीर नसेल तर पेटी-तबला दुरुस्त करणारे किंवा फर्निचरचे पॉलिशवाले जवळ असतात. सतार-तंबोऱ्यावर लाखेचं पॉलिश चढवणं ही मिरजेसारख्या गावातली जुनी, नामी कारागिरी आहे. पण स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख तुमच्या मॅट गिटारवर फिरली की तिचं सॅटिन संपलं. ‘जरा हात मारून देतो’ असं कोणी प्रेमानं म्हणालं तर नको म्हणा आणि फक्त तारा बदलून घ्या.

फ्रेटबोर्डची गोष्ट वेगळी. तो बहुधा शिसम किंवा आबनूससारख्या, लेप नसलेल्या लाकडाचा असतो, म्हणून त्याला तेल चालतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा तारा काढल्या की जुन्या मऊ टूथब्रशने फ्रेटच्या कडेचा मळ काढायचा, गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन फिरवायचे आणि पाच मिनिटांनी जादा तेल पुसून टाकायचं. साडेतीनशे ते सहाशे रुपयांची बाटली कित्येक वर्षं पुरते. खोबरेल तेल वापरू नका. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि थंडीत गोठतं. तेल सॅटिनच्या अंगावर सांडलं तर लगेच टिपा.

एवढं सगळं केलं तरी गिटार बिघडते ती बहुतेक हवेने. मार्टिन, टेलरसारख्या कंपन्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदवर असते. लाकूड फुगतं, वरचा तक्ता पोट काढतो, तारा उंच होतात, आणि मॅट लेपावर पांढरी बुरशी धरते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उलटं. लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात, पुढची पायरी तडा. खोलीत सतत एसी असेल तर मुंबईतही हवा कोरडी होऊ शकते, म्हणून अंदाज न बांधता डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तीनशे ते सहाशे रुपयांचा, केसमध्ये मावेल एवढा.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, दीडशे ते तीनशे रुपयांत पुरेशा येतात. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर भरले की कळतं, आणि गरम करून ते पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका आणि मुलांपासून दूर ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या भागात साउंडहोलमध्ये बसणारा ह्युमिडिफायर आठशे ते दीड हजाराला येतो. भोकं पाडलेली साबणाची डबी आणि घट्ट पिळलेला ओला स्पंज तेच काम तीस रुपयांत करतात. डबी केसमध्ये मानेच्या बाजूला ठेवा. थेंब गळत नाही याची खात्री मात्र दर वेळी करा.

बुरशी आलीच तर गिटार गॅलरीत सावलीला नेऊन कोरड्या कापडाने पुसा आणि ते कापड धुवायला टाका. उन्हात वाळत घालू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर दहा मिनिटंही नको, सरस मऊ पडून ब्रिज उचलला जातो. स्टँडचा रबरही तपासा. काही रबर आणि रेक्झिन लेपावर, विशेषतः महागड्या गिटारच्या नायट्रोसेल्युलोज (‘नायट्रो’) लेपावर, कायमचा डाग पाडतात. सुती कापड गुंडाळलं की प्रश्न मिटला.

आता हिशोब. खालचे आकडे मुंबई-पुण्यातले अंदाजे आहेत. दुकान आणि शहराप्रमाणे फरक पडेल, म्हणून आधी भाव विचारा. दोन कापडं, हायग्रोमीटर, सिलिका, लेमन ऑइल, डिस्टिल्ड वॉटर आणि ब्रश मिळून सुरुवातीचा खर्च हजार ते एकोणीसशे. पुढे दर वर्षीचा मोठा खर्च तारांचा. रोज वाजवणाऱ्याला साध्या फॉस्फर ब्राँझ तारांचे तीन संच लागतात असं धरलं, तर पाचशे ते नऊशेप्रमाणे दीड हजार ते सत्तावीसशे. घाम फार येत असेल तर लेप दिलेल्या तारा परवडतात. संच तेराशे ते एकोणीसशेचा, पण टिकतो बराच जास्त. वर्षातून एकदा सेटअप, म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक आणि नट-सॅडल पाहून घेणं, आठशे ते दोन हजार. शक्यतो पावसाळा संपल्यावर करा, ऐन पावसात लावलेली उंची दिवाळीनंतर बदलते.

निष्काळजीपणाचा भाव वेगळा. उचललेला ब्रिज पुन्हा चिकटवायला दीड ते साडेतीन हजार. पॉलिशने डागाळलेला तक्ता पुन्हा मॅट करून घ्यायचा तर सहा हजारांपासून पुढे पंधरा हजारांपर्यंत, आणि तेही जाणता कारागीर मिळाला तर. बारा-पंधरा हजारांच्या गिटारवर हा खर्च वेडेपणा आहे. घरच्या घरी बारीक स्टील वूल घासून डाग घालवायचे उपाय लोक सांगतात, पण पातळ लेप कधी संपतो ते कळत नाही आणि उघड्या पडलेल्या लाकडात घाम मुरून ते काळवंडतं. डाग पडला असेल तर त्याच्यासकट वाजवत राहा.

आणि जुनी मॅट गिटार विकत घेणार असाल तर ती खिडकीपाशी तिरकी धरून पाहा. हात टेकतो तिथली आणि मानेवरची चमक सोडून इतर कुठे पट्ट्यापट्ट्यांची चकाकी दिसली, तर आधीच्या मालकाने पॉलिश मारलेलं आहे. वाजायला चांगली असेल तर जरूर घ्या, पण भाव त्याप्रमाणे पाडून मागा.