पुसलेली फाइल, भरलेली डिस्क

प्रवेशाचे दिवस होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रस्तुत लेखकाला रात्री साडेदहाला कार्यालयातून फोन आला : "सर, फी भरायचं पान उघडत नाहीये. पालकांचे सारखे फोन येतायत." त्याने कंट्रोल पॅनेल उघडले, पासवर्ड टाकला, आणि पॅनेलने त्याला परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडले. पासवर्ड बरोबर होता. डिस्क शंभर टक्के भरल्यामुळे पॅनेलला सेशनची छोटीशी फाइलही लिहिता येत नव्हती.

टर्मिनलवरून आत शिरल्यावर वेब सर्व्हरची 40 जीबीची लॉग फाइल सापडली. त्याने ती पुसली. डिस्क तरीही शंभर टक्केच!

लिनक्स वापरणाऱ्यांना हा प्रकार फार वर्षांपासून ठाऊक आहे. फाइल पुसली की तिचे फक्त नाव जाते. एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. म्हणूनच अशा वेळी भरलेली जागा सांगणारी 'डीएफ' आणि फायलींची बेरीज करणारी 'डीयू' या दोन आज्ञांचे आकडे जुळत नाहीत. 'एलएसओएफ' ही आज्ञा ती फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम दाखवते. तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. दोन मिनिटांचे काम. त्या रात्री लेखकाला ते माहीत नव्हते आणि शोधायला तो थांबलाही नाही.

जागा हवी या एकाच ध्यासाने त्याने डेटाबेसच्या फोल्डरमधल्या डेटातले बदल टिपणाऱ्या मोठमोठ्या बायनरी लॉग फायली हातानेच उडवल्या आणि अख्खा सर्व्हर रीस्टार्ट केला. 40 जीबी तर नुसत्या रीस्टार्टनेच सुटणार होते. पण आता डेटाबेसच सुरू होईना. लॉगच्या यादीत ज्यांची नावे होती, त्या फायली जागेवर नव्हत्या. बॅकअप पाहावा, तर तो त्याच डिस्कवर होता आणि गेल्या नऊ दिवसांच्या फायली शून्य आकाराच्या. सुदैवाने मूळ डेटा शाबूत निघाला आणि ती यादी बाजूला काढल्यावर पहाटे चारला डेटाबेस उठला. तो डेटा गेला असता, तर नऊ दिवसांच्या फीच्या नोंदी कुठूनच परत आल्या नसत्या.

बिघाड साधा असतो. घाईघाईतला उपाय त्याला भारी करतो. जगभरात ज्याची चर्चा झाली, तो सॉफ्टवेअर प्रकल्प ऑनलाइन ठेवणाऱ्या 'गिटलॅब' कंपनीतला प्रसंग याच वाटेने गेला. 31 जानेवारी 2017 रोजी तिथला एक अभियंता रात्र झाली म्हणून उठण्याच्या बेतात होता. तेवढ्यात दुय्यम डेटाबेसवर नक्कल उतरणे बंद पडले आणि तो थांबला. दुय्यम सर्व्हरवरचे फोल्डर रिकामे करायला त्याने आज्ञा दिली, पण ती सुटली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली; तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरला होता.

बॅकअपच्या पाच वाटा होत्या, पण गरजेला धड एकही लागली नाही. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारे साधन 9.2 चे, त्यामुळे बॅकअप मुळात होतच नव्हता. तो फसल्याचे इशारे देणारे ईमेल स्वाक्षरीच्या नियमात न बसल्याने नाकारले जात होते. शेवटी उपयोगी पडली ती चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत. सेवा सुरू व्हायला जवळजवळ 18 तास लागले. सुमारे 5,000 प्रकल्पांना, तितक्याच प्रतिक्रियांना आणि 700 नव्या खात्यांना फटका बसला. कंपनीने मात्र काहीही झाकले नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि पुढे प्रत्येक सर्व्हरचे नाव टर्मिनलवर ठळक दिसेल अशी सोय केली.

काही दुखणी तर तारीख सांगून येतात. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट'ची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर उभी होती, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपणार हे आधीच जाहीर झाले होते. तरी त्या दिवशी सुरक्षित जोडणीसाठी ओपनएसएसएल 1.0.2 वापरणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांवर जोडण्या तुटल्या. उपाय त्याआधीच प्रसिद्ध झालेला होता. तो फक्त वाचायला हवा होता.

म्हणून सर्व्हर अडला की पहिली पाच मिनिटे काहीही पुसू नये, काहीही रीस्टार्ट करू नये. त्रुटीचा संदेश अक्षरशः कागदावर उतरवावा आणि त्या आवृत्तीच्या ज्ञात दोषांच्या यादीत तो शोधावा. जागा संपल्याचा संदेश येतो पण डिस्क रिकामी दिसते, तेव्हा 'डीएफ'ला 'आय'ची जोड देऊन पाहावे : सेशनच्या लाखो बारीक फायलींनी आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीच्या मोजक्या जागा, संपवलेले असू शकतात. डेटाबेसच्या लॉग फायलींना हाताने स्पर्श करू नये. त्या काढायची आज्ञा डेटाबेसमध्येच असते. मायएसक्यूएल 8.0 हा डेटाबेस त्या मुळात 30 दिवस ठेवतो, छोट्या डिस्कवर ही मुदत कमी करून घ्यावी. पुसण्याची आज्ञा देण्याआधी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते मोठ्याने वाचावे. सोबत कोणी असेल तर त्याला ऐकवावे. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर असावा, आणि यशाचा ईमेल आला नाही तर तो फसला असेच धरावे.

त्या संस्थेत आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुन्या संगणकावर कालचा बॅकअप उतरवला जातो. लिपिक मॅडम कोणत्याही पाच विद्यार्थ्यांच्या पावत्या काढून आकडे ताडून पाहतात आणि वहीत सही करतात. पहिल्याच शनिवारी एकही पावती सापडली नव्हती. फोटो आणि पावत्यांचे फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलेच नाही, हे तेव्हा कळले.