घरच्या घरीं योगासनें : आरंभ कसा करावा ?

कवाइतीची घंटा झाली म्हणजे प्रत्येक वर्गांतील एखाददुसरा विद्यार्थी मागें रेंगाळतो. तो आळशी असतो असें नाहीं. कोणास दम लागतो, कोणाचे पाय दुखतात, तर कोणास सोबती हंसतील अशी भीति वाटते. व्यायाम हा बळकटांचा प्रांत, आपला नव्हे, अशी त्याची समजूत होऊन बसते. आणि पुष्कळदां आईबापही ‘मूल नाजूक आहे’ असें म्हणून तिला दुजोरा देतात. ही समजूत किती खोटी आहे हें दाखविणारें उदाहरण आपल्या पुण्यांतच घडलें आहे.

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ सालीं म्हैसूर संस्थानांतील बेल्लूर या गांवीं झाला. लहानपणीं हिंवताप, विषमज्वर व क्षय या रोगांनीं त्यांस पुरें जर्जर केलें. नवव्या वर्षीं वडील वारले. १९३४ सालीं ते आपल्या बहिणीचे यजमान, प्रसिद्ध योगाचार्य कृष्णम्माचार्य, यांच्याकडे म्हैसुरास गेले, तेव्हां ओणवें होऊन पायांचीं बोटें धरणेंही त्यांस शक्य नव्हतें. १९३७ सालीं गुरूंनीं त्यांस डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यासाठीं सहा महिन्यांकरितां पुण्यास पाठविलें. वय अवघें अठरा, मराठी भाषा अपरिचित, आणि शिष्यांपैकीं बरेच जण त्यांच्याहून वयानें मोठे व अंगानें सुदृढ! अशा स्थितींत ते तासन् तास एकट्यानेंच अभ्यास करीत, चुकत, आणि चूक शोधून ती सुधारीत. सहा महिन्यांचा तो मुक्काम जन्माचा झाला. १९६६ सालीं त्यांचा सुमारें सहाशें छायाचित्रांचा ‘लाईट ऑन योग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला; १९७५ सालीं पुण्यांत त्यांची संस्था उभी राहिली; आणि पंचाण्णव वर्षांचें आयुष्य भोगून २० ऑगस्ट २०१४ रोजीं पुण्यासच त्यांनीं देह ठेविला.

परंतु या चरित्रांत एक धोक्याची खूणही आहे. तरुणपणीं एका प्रात्यक्षिकाच्या वेळीं त्यांस हनुमानासन करून दाखविण्याची आज्ञा झाली. या आसनांत एक पाय पुढें व एक मागें पसरून जमिनीवर बसावें लागतें. शरीराची तयारी नसतां तें केल्यामुळें मांडीच्या मागील स्नायूंस जबर इजा झाली, व चालणेंही दीर्घकाळ कष्टाचें झालें. पुढें याच गृहस्थांनीं विटा, खुर्च्या, पट्टे व घोंगड्या यांचा आधार घेऊन आसनें शिकविण्याची पद्धति रूढ केली. आसन शरीराच्या मापाचें करावें, शरीर आसनासाठीं मोडूं नये, हें तिचें सार होय.

आतां घरीं आरंभ कसा करावा तें पाहूं. वेळ सकाळीं शौचमुखमार्जनानंतरची उत्तम. संध्याकाळीं करणें झाल्यास जेवणानंतर चार तास गेलेले असावे. जागा स्वच्छ, सपाट व हवेशीर असावी. कपडे सैल व पाय अनवाणी असावे. उभ्यानें करावयाचीं आसनें घसरणाऱ्या सतरंजीवर करूं नयेत. त्यांस कोरडी फरशीच बरी.

पहिलें ताडासन. भिंतीकडे पाठ करून पावलें जुळवून उभें राहावें. शरीराचा भार टांचांवर व बोटांच्या मुळांवर सारखा पडावा, गुडघे ताठ, छाती उन्नत व मान सरळ असावी. अर्धा मिनिट असें राहिलें कीं आपण रोज किती वांकडे उभे राहतों तें सहज ध्यानांत येतें. दुसरें वृक्षासन. भिंत बाजूस ठेवून एक हात तिच्यावर टेकावा, आणि एका पायाचा तळवा दुसऱ्या मांडीच्या आंतील बाजूस लावावा. तितका वर जात नसल्यास पोटरीस लावावा, मात्र गुडघ्याच्या सांध्यावर दाबूं नये. मग बाजू बदलावी. तिसरा अभ्यास वांकण्याचा. भक्कम खुर्ची भिंतीस लावावी, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून मागें सरावें, आणि पाठ सरळ राखून कमरेंतून वांकावें. बोटें जमिनीस लावण्याचा हट्ट नको. शेवटीं शवासन : उताणें निजून, डोळे मिटून, पांच मिनिटें स्वस्थ पडावें. या सर्वांत श्वास नाकानेंच व सहज चालूं द्यावा, कोंडूं नये. आरंभीं एकंदर पंधरा मिनिटें पुरेत.

स्नायूंस बसणारा ताण व सांध्यांत उठणारी कळ यांतील भेद ओळखावयास शिकावें. कळ येतांच थांबावें. शीर्षासन व प्राणायाम हीं पुस्तक पाहून एकट्यानें करूं नयेत. त्यांस जाणता शिक्षक हवा. दमा, हृदयविकार किंवा नुकतें येऊन गेलेलें आजारपण असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें.

पालकांस एक विनंति आहे. मुलानें दोन आसनें साधलीं म्हणून आल्यागेल्या पाहुण्यांसमोर त्यास उभें करूं नये, व भावंडांत चढाओढ लावूं नये. वाहवा मिळविण्याच्या भरांत शरीराची सूचना ऐकूं येईनाशी होते. त्यापेक्षां आपणच त्याच्या शेजारीं पंधरा मिनिटें उभें राहावें.

विद्यार्थिमित्रहो, पतंजलीनें आसनाचीं लक्षणें दोनच सांगितलीं आहेत : तें स्थिर असावें व सुखकर असावें. त्यांत बळकट व दुबळा असा भेद कोठेंच नाहीं. कवाइतीच्या वेळीं मागें राहणाऱ्यानें उद्यां सकाळीं घरांतील एक भिंत निवडावी, व तिच्याशीं पाठ टेकून अर्धा मिनिट सरळ उभें राहावें. आरंभास तेवढें बस्स आहे. मात्र परवां सकाळींही तेथेंच उभें राहिलें पाहिजे.