विनाशिकेचे सुटे बेअरिंग : क्रमांक जुळल्यानंतर

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आणि २०२१ पासून नौदलात दाखल होऊ लागलेल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या विनाशिका चार गॅस टर्बाइनांच्या बळावर दोन शाफ्ट फिरवतात. एवढ्या मोठ्या शाफ्टची बेअरिंगे नकाशाबरहुकूम घडवलेली असल्याने त्यांच्या जागी दुसरे काही बसवण्याचा मोह कोणाला होत नाही. पंप, पंखे आणि मोटारी यांत लागणारी छर्‍यांची बेअरिंगे मात्र बाजारात सहज मिळतात, आणि फसगत होते ती नेमकी येथेच.

६३०९ या क्रमांकाच्या बेअरिंगचे उदाहरण घेता येईल. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की ४५ मिलिमीटर हा आतील व्यास निघतो. बाहेरील व्यास १०० आणि रुंदी २५ मिलिमीटर असते. स्टोअरमधून आलेला भाग या मापांत तंतोतंत बसला, की क्रमांकापुढील ‘सी३’ ही अक्षरे पाहण्याचे राहून जाते. सी३ म्हणजे छर्रे आणि कडी यांच्यात मुद्दाम ठेवलेली जास्तीची मोकळीक : या आकारात साध्या बेअरिंगमध्ये ती ६ ते २३ मायक्रोमीटर, तर सी३मध्ये १८ ते ३६ मायक्रोमीटर असते. शाफ्टवर घट्ट बसताना आतील कडे किंचित फुगते, मोटार तापल्यावर ते आणखी प्रसरण पावते, आणि मुळातच कमी असलेली मोकळीक संपून छर्रे आवळले गेले, की ग्रीस करपायला वेळ लागत नाही. म्हणून मागणीपत्रावर पूर्ण क्रमांक, शेपटासकट, लिहिला गेला पाहिजे. जुन्या बेअरिंगवरून तो उतरवून घेताना मूळ यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून पाहणेही आवश्यक आहे, कारण जुने बेअरिंगच चुकीचे बसवलेले असू शकते.

याहून फसवा प्रकार राखीव पंपाचा. शेजारचा पंप चालू असताना त्याची थरथर जहाजाच्या सांगाड्यातून थांबलेल्या पंपापर्यंत पोहोचते. न फिरणारे छर्रे एकाच जागी घासत राहतात, मधले ग्रीस बाजूला सरते आणि कड्यावर छर्‍यांच्या अंतराने खळगे पडतात. असा पंप सुरू केला की घरघर येते, आणि पाणबुडीच्या कानांपासून लपू पाहणार्‍या जहाजाला ती मुळीच परवडत नाही. त्यामुळे दोन्ही पंप पाळीपाळीने चालवणे श्रेयस्कर ठरते. सुटे बेअरिंगही मूळ वेष्टनात, कोरड्या जागी, आडवे आणि थरथरीपासून दूर ठेवावे लागते. आतील बेअरिंग कसे आहे हे पाहण्यासाठी वेष्टन उघडणार्‍या हौशी मंडळींना हाताच्या घामाने गंज चढतो याचा विसर पडतो.

बसवताना बेअरिंग सुमारे ११० अंश सेल्सियसपर्यंत इंडक्शन हीटरवर तापवावे, ज्वाळेवर नव्हे. थंड बसवायचे असल्यास दाब आतील कड्यावरच द्यावा, कारण बाहेरील कड्यावर हातोडा पडला की आघात छर्‍यांतून जातो आणि नवे बेअरिंग फिरण्यापूर्वीच जखमी होते. काढलेले बेअरिंग लगेच भंगारात न टाकता, यंत्राचे नाव आणि चाललेले तास लिहिलेली चिठ्ठी बांधून, कापून पाहण्यासाठी कार्यशाळेकडे पाठवावे.