मंगळावरचा खोळंबा

समजा रविवारी सकाळी तुम्ही घरी एकटेच आहात. शेगडीवर दूध तापते आहे, समोर गणिताची वही उघडी आहे, नळाला पाणी आले की पिंप भरायचे आहे आणि जमल्यास रद्दीचा गठ्ठाही बांधायचा आहे. कामे चार, करणारे तुम्ही एकटे. तुम्ही गणित सोडवू लागता. दूध वर येताना दिसताच वहीत खूण घालून उठता, शेगडी बंद करता आणि खूण केलेल्या ओळीपासून गणित पुढे चालू करता. रद्दी आपली पडूनच राहते.

एकाच प्रोसेसरवर चालणाऱ्या संगणकाची हीच अवस्था असते. कामे पुष्कळ, पण एका क्षणी एकच चालू. कोणते काम केव्हा चालवायचे हे संचालन प्रणाली ठरवते. ती प्रत्येक कामाची स्थिती नोंदवून ठेवते. मुख्य स्थिती तीन: चालू, सज्ज आणि खोळंबलेले. यांतल्या शेवटच्या दोहोंत पुष्कळांचा घोटाळा होतो. रद्दी बांधणे हे सज्ज काम आहे. हात मोकळे झाले की ते लगेच करता येईल. पिंप भरणे मात्र खोळंबलेले आहे. हात मोकळे असले तरी नळालाच पाणी नाही, त्याला तुम्ही काय करणार? पाणी आले म्हणजेही ते काम एकदम चालू होत नाही. आधी ते सज्ज होते, मग अग्रक्रमानुसार त्याची पाळी येते.

विमान, अवकाशयान, रुग्णालयातील यंत्रे यांच्या संगणकांत ‘रिअल टाइम’ प्रकारची संचालन प्रणाली वापरतात. रिअल टाइम म्हणजे अतिवेगवान, ही समजूत चुकीची आहे. ठरलेल्या मुदतीच्या आत काम झालेच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. दूध उतू गेल्यावर शेगडी कितीही चपळाईने बंद केली तरी उपयोग काय? म्हणून येथे प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला असतो आणि सज्ज कामांपैकी सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे काम चालवले जाते. खालच्या क्रमाचे काम चालू असेल तर ते अर्ध्यावर थांबवून, त्याची खूण ठेवून, वरच्याला जागा दिली जाते.

नियम किती सरळ वाटतो! पण त्यातही एक खाच आहे. ती सर्वांना कळली मंगळावर.

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. सोजर्नर नावाची सहा चाकांची छोटी गाडी त्याने सोबत नेली होती. काही दिवसांतच यानाचा संगणक मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. जमवलेली माहिती नष्ट होत नव्हती. पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. यान तर इतके दूर, की रेडिओसंदेश एका बाजूने पोचायलाच सुमारे १० मिनिटे लागत.

या संगणकावर व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली होती. तीन प्रकारची कामे ध्यानात ठेवा. यानाच्या उपकरणांतील माहिती एका सामाईक वाहिनीवरून ने-आण करण्याचे काम वरच्या अग्रक्रमाचे. ते सेकंदाला ८ वेळा पुरे व्हावे लागे. हवामानाच्या नोंदी घेण्याचे काम खालच्या अग्रक्रमाचे. पृथ्वीशी संपर्क वगैरे कामे मधल्या क्रमाची. पहिल्या दोन कामांना एक सामाईक गोष्ट लागत असे. दोघांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहिले तर गोंधळ होईल, म्हणून अशा गोष्टीला एकच किल्ली ठेवतात. जो किल्ली घेईल त्यानेच हात लावायचा, दुसऱ्याने थांबायचे.

आता पाहा काय होई. हवामानाचे काम किल्ली घेऊन बसे. तेवढ्यात वाहिनीच्या कामाला किल्ली हवी होई, ते खोळंबे. हे क्षणभरच टिकले असते. पण नेमके तेव्हाच मधल्या क्रमाचे लांबलचक काम सज्ज होई आणि नियमाप्रमाणे हवामानाच्या कामाला बाजूला सारी. ते थांबले म्हणजे किल्ली सुटेना, आणि किल्ली सुटेना म्हणून सर्वांत महत्त्वाचे काम अडलेले! पुढच्या फेरीच्या वेळी मागची फेरी अपुरी दिसली की संगणक बिघाड झाला असे समजून स्वतःला पुन्हा सुरू करी. या प्रकाराला अग्रक्रमाची उलटापालट म्हणता येईल. येथे प्रत्येक काम स्वतःपुरते बरोबरच होते, हे विशेष.

हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दिसला होता, पण शोधू गेल्यावर पुन्हा घडेना. मंगळावर माहिती अपेक्षेपेक्षा जलद पाठवता येऊ लागली, कामे वाढली आणि दोष वारंवार डोके वर काढू लागला. चांगली बातमीच अंगाशी आली म्हणायची! शेवटी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतील तशाच संगणकावर तो पुन्हा घडवून आणला, आणि नोंदींवरून कारण सापडले.

उपाय आधीपासूनच ठाऊक होता. लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये तो शोधनिबंधात मांडला होता. किल्ली असलेल्या कामामुळे वरचे काम अडले, की किल्ली परत देईपर्यंत त्या कामाला वरच्याचाच अग्रक्रम द्यायचा. मग मधले काम त्याला ढकलू शकत नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीच. या किल्लीसाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून ती चालू करण्यात आली. पाथफाइंडरकडून माहिती २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत येत राहिली. यानाची अपेक्षित मुदत होती ३० दिवस.

आता चौकटींचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक सेकंद. काम ‘क’ खालच्या क्रमाचे. ते शून्य सेकंदाला किल्ली घेऊन सुरू होते, त्याला ४ सेकंद लागतात आणि किल्ली ते शेवटी सोडते. ‘उ’ वरच्या क्रमाचे. ते पहिल्या सेकंदाअखेर येते, त्यालाही तीच किल्ली हवी आणि २ सेकंद लागतात. ‘म’ मधले. ते दुसऱ्या सेकंदाअखेर येते, त्याला १० सेकंद लागतात, किल्ली मात्र लागत नाही. प्रत्येक चौकटीत कोणते काम चालू, कोणते सज्ज, कोणते खोळंबलेले हे भरा. एकदा साध्या नियमाने, एकदा उपायासह. पहिल्या तक्त्यात ‘उ’ १६ व्या सेकंदाला संपेल, दुसऱ्यात ६ व्या. एकूण वेळ दोन्हीकडे सारखाच कसा, हे वर्गात बोलून पाहा.