कोंड्याचा मांडा : बिअरच्या लहान कारखान्यातून घेण्यासारखा धडा



गेल्या हंगामाच्या अखेरीस एका गटसभेत ठिबकाची माहिती देऊन झाली. मंडळी पांगली, पण एक ज्येष्ठ सभासद मागे थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, थोरलं पोरगं पुण्यात बिअरच्या कारखान्यात लागलंय. भावकीत काय सांगावं कळंना. आम्ही आपलं फूड कंपनीत हाय म्हणून सांगतो."

मी म्हणालो, "अण्णा, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत काय दूध तयार होतं होय?"

अण्णा हसले. मग म्हणाले, "पोरगं म्हणतंय, तिथं काय बी वाया घालवत नाहीत. चोथा सुद्धा गोठ्याला जातो. खरं असंल का?"

पुढे मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी जाणे झाले. तेव्हा एक संध्याकाळ काढून मी त्या मुलाकडे गेलो आणि कारखाना पाहिला. जे पाहिले ते आपल्या उपयोगाचे वाटले म्हणून हा लेख. यात कोणाला प्यायला लावण्याचा हेतू नाही. जे पीत नाहीत त्यांनी खुशाल पिऊ नये. जे पितात त्यांनी कायदा, वय आणि घरखर्च सांभाळून, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे देऊन प्यावी, एवढेच.

बिअर तयार कशी होते?

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान प्रमाणावर, निगुतीने केलेली बिअर. हातभट्टीशी तिचा काही संबंध नाही. मोठ्या कारखान्यातील असो वा लहान, कृती एकच. बार्ली म्हणजे सातू हे धान्य. ते भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात भिजत ठेवले की त्यातील पिठूळ भागाची साखर होते. हा गोड रस गाळून घेतात, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू, दोन्ही वजनाने जवळजवळ सारखेच तयार होतात. आपल्या मळीचे डिस्टिलरीत होते तेच हे. फरक एवढाच, की बिअर ऊर्ध्वपातन न करता तशीच पितात.

आता या कामात मागे काय उरते ते पाहू. आपल्या कामाचा भाग तोच आहे.

चोथा

१०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो. म्हणजे १००० लिटरच्या एका घाण्याला २०० किलो. साखर रसात गेलेली असते, पण प्रथिने आणि तंतू चोथ्यातच राहतात. वाळलेल्या चोथ्यात प्रथिने २० टक्क्यांच्या वर भरतात. त्यामुळे हा चोथा दुभत्या जनावरांना चांगला. मी गेलो तेव्हा गोठेवाल्याचा टेम्पो दारात उभाच होता. मुलगा म्हणाला, "साहेब, टेम्पो चुकला तर दुसऱ्या दिवशी इथं उभं राहवत नाही."

हे खरे आहे. ओल्या चोथ्यात पाऊण भागाहून अधिक पाणी असते. उन्हाळ्यात तो एक-दोन दिवसांत आंबतो आणि बुरशी धरतो. शहराजवळच्या ज्या सभासदांना असा चोथा मिळतो त्यांनी तो ताजाच वापरावा. सुरुवात दोन-तीन किलोने करावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावा, वैरणीची जागा मात्र त्याला देऊ नये. बुरशी आलेला चोथा कितीही फुकट मिळाला तरी जनावरापुढे टाकू नये.

गोठाच नसेल तर?

अमेरिकेतील अलास्का राज्यात जूनो नावाचे गाव आहे. त्या गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. जावे तर जहाजाने किंवा विमानाने. तिथे १९८६ साली अलास्कन ब्रुइंग कंपनी सुरू झाली. आसपास गुरे पाळणारे शेतकरी नाहीत, मग चोथा द्यायचा कोणाला? त्यांनी आधी तो वाळवून जहाजाने दूर गुरांकडे पाठवला. पण वाळवायला तेल, न्यायलाही तेल. शेवटी त्यांनी चोथाच जाळणारा बॉयलर बसवला आणि २०१२ च्या सुमारास त्या वाफेवर बिअर करू लागले. चोथा चिकट, प्रथिनांमुळे नीट न जळणारा, त्यामुळे बॉयलर जमवायला कष्ट पडले. पण उद्दिष्ट तेलाचा खर्च निम्म्याहून अधिक खाली आणण्याचे होते. त्याआधी १९९८ मध्येच त्यांनी आंबवणीतून निघणारा वायू पकडून पुन्हा बिअरमध्ये वापरण्याची सोय केली होती. वायू हवेत सोडायचा आणि तोच सिलिंडरमधून विकत आणायचा, हा दुहेरी तोटा त्यांनी थांबवला.

हे वाचून आपल्याला नवल वाटायला नको. रस काढून उरलेला चोथा जाळून त्याच कारखान्याची वाफ करायची, हे साखर धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आपल्या बगॅसचेच हे धाकटे भावंड.

पाणी

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पण ग्लासातले पाणी हा हिशेबाचा लहान भाग. टाक्या धुणे, थंड करणे, बाटल्या व पिंपे साफ करणे यांत खरे पाणी जाते. चांगला चालवलेला मोठा कारखाना १ लिटर बिअरमागे ३ ते ४ लिटर पाण्यात भागवतो. लहान कारखान्याला याच्या दुप्पटही लागते. म्हणजे 'लहान ते चांगले' असे आपोआप होत नाही. त्या मुलाच्या कारखान्यात उकळता रस थंड करताना जे पाणी गरम होते तेच पुढच्या घाण्याला वापरतात. भिंतीवर एक वही टांगली होती, त्यात रोजचा मीटरचा आकडा. मला यंत्रांपेक्षा ती वही जास्त आवडली.

याहून मोठा हिशेब शेतातला. पाव लिटर बिअरच्या ग्लासामागे एकूण सुमारे ७५ लिटर पाणी धरतात. त्यातले बहुतेक बार्लीच्या रानात खर्ची पडते. आणि आपल्या १ किलो साखरेमागे? दीड ते अडीच हजार लिटर. एक बोट दुसऱ्याकडे केले की तीन आपल्याकडे वळतात, ती अशी.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि पुढे ६० टक्के कपातीचा आदेश दिला. तेव्हा लोकांनी उसाचेही नाव घेतले होते. टंचाई आली की लोक पाण्याचा हिशेब मागतात. वही ज्याच्याकडे असेल त्याला बोलता येते, बाकीच्यांनी खाली मान घालायची.

पिणाऱ्याने काय पाहावे?

१. जवळ तयार झालेली आणि पिंपातून थेट मिळणारी बिअर घ्यावी. एकदाच वापरून फेकायच्या काचेच्या बाटलीचा भार पर्यावरणावर सर्वांत जास्त पडतो. पिंप पुन्हा पुन्हा भरता येते.

२. ६५० मिलीची बाटली धुऊन पुन्हा वापरात येते. ती भंगारवाल्याकडे गेली पाहिजे, बांधावर नाही. ऊसतोडीच्या वेळी फडात निघालेली फुटकी काच तोडणीवाल्याच्या पायात जाते आणि बैलाच्या खुरात शिरते. पिणारा घरी झोपलेला असतो.

३. चोथा कुठे जातो आणि १ लिटरमागे पाणी किती लागते, हे मालकाला विचारावे. चांगला मालक अभिमानाने सांगतो.

४. संपेल तेवढीच मागवावी. अर्धा ग्लास टाकून उठणे म्हणजे त्यामागचे रानातले पाणीही ओतून देणे.

आणि आपण?

परत येताना एस. टी.त माझ्या मनाला एक गोष्ट लागली, ती सांगूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी 'पाचट जाळू नका' हे पत्रक मी काढले. त्याच आठवड्यात माझ्याच दोन एकर खोडव्यात मजूर मिळेनात म्हणून धाकट्या भावाने काडी लावली. पत्रकाखाली माझी सही आणि बांधावर माझाच धूर. भावाला बोलायला मला तोंड नव्हते, कारण कुट्टी करायची सोय मी त्याला वेळेवर करून दिली नव्हती.

एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. जाळले की नत्र आणि कर्ब हवेत गेला, वर ओलही उडाली. तेव्हा तोडणी होताच पाचट सरीत पसरावे किंवा यंत्राने कुट्टी करावी. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. बुडखे मोकळे ठेवून जमिनीलगत छाटावेत आणि पाणी द्यावे. आच्छादनामुळे पुढे एखाद-दुसरी पाळी लांबवता येते. गेल्या वर्षी भावाने आणि मी असेच केले. खोडवा चांगला फुटला.

दुसरे काम म्हणजे वही. मोटर किती तास चालली एवढे जरी रोज लिहिले तरी हंगामाअखेर आपला आकडा आपल्या हातात येईल. गटसभेला येताना ती वही आणावी, मी माझी आणतो.

अण्णांना मी परत येऊन सांगितले, "पोरगं खरं बोलतंय. कोंड्याचा मांडा करायला शिकलंय. भावकीत खुशाल सांगा." अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग औंदा पाचट पेटवायचं नाही म्हणता?"

मी म्हणालो, "नाही."

— ऊस विकास अधिकारी