बेरजेचेही अवयव पडतात?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. क्ष⁴ − १६ चे अवयव तिने (क्ष² + ४)(क्ष² − ४) असे लिहिले, तर गुण कापले. आणि क्ष⁴ + ४ चेही अवयव पडतात म्हणे, ते कसे?

उत्तर : क्ष² − ४ हीसुद्धा दोन वर्गांची वजाबाकीच आहे. तिचे (क्ष + २)(क्ष − २) पाडायचे राहून गेले. प्रत्येक कंस पुन्हा तपासायची सवय तिला जरूर लावा. क्ष² + ४ मात्र तसाच राहील.

क्ष⁴ + ४ मला फार आवडते. त्यात ४क्ष² मिळवा आणि लगेच वजा करा :

(क्ष² + २)² − (२क्ष)²

वजाबाकी आपोआप समोर आली! अवयव झाले (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). ही युक्ती फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ओळखतात. मुलीला क्ष = १० घेऊन बघू द्या : १०००४ = १२२ × ८२. क्ष १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या असो, क्ष⁴ + ४ ही मूळ संख्या कधीच असत नाही.